भोवानी जंक्शन आणि कोटाबाहेरची झाशी

जॉन मास्टर्स यांची ‘भोवानी जंक्शन’ (१९५४) ही कादंबरी साम्राज्याच्या मावळतीची कथा म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. परंतु तिचे खरे बळ १९४६ सालच्या राजकारणापेक्षा एका रेल्वे वसाहतीच्या चित्रणात आहे. भोवानी हे गाव कल्पित असले, तरी झाशीशी असलेले त्याचे साम्य अनेकांनी नोंदवले आहे.

झाशीच्या इतिहासातच या वसाहतीचे मूळ सापडते. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन झाशी आपल्याकडे घेतली. पाठोपाठ, १८८९ च्या सुमारास, इंडियन मिडलंड रेल्वे तेथे पोचली आणि पुढे कारखानाही उभा राहिला. जुन्या कोटाबाहेर एक दुसरेच गाव वसले. वाडा, देऊळ आणि वतन यांवर पहिल्या गावातील माणसाची पत ठरे. या दुसऱ्या गावात ती हुद्द्यावर आणि क्वार्टरवर ठरू लागली.

मास्टर्स यांनी हा फरक नेमका टिपला आहे. नायिका व्हिक्टोरिया जोन्स ही अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची मुलगी. पॅट्रिक टेलर, रणजित आणि कर्नल सॅव्हेज या तिघांकडे तिचे मन क्रमाने वळते; म्हणजेच आपण कोणाचे, या प्रश्नाची तीन उत्तरे ती पडताळून पाहते. कादंबरीत ती अखेर पॅट्रिककडे, म्हणजे आपल्याच वसाहतीत परतते. जॉर्ज क्यूकर यांच्या १९५६ च्या चित्रपटात मात्र पॅट्रिक मरतो आणि ती सॅव्हेजची होते. हा बदल किरकोळ नव्हे. वसाहत माणसाला घडवते आणि सहजी सोडत नाही, हे कादंबरीचे सत्य पडद्यावर हरवले. या कथेचे चित्रीकरणही झाशीत नव्हे, लाहोरमध्ये झाले.

कादंबरीचे वैगुण्यही लपत नाही. पॅट्रिक, व्हिक्टोरिया आणि सॅव्हेज स्वतःची कथा सांगतात. रणजितला तो अधिकार नाही. रुळांपलीकडचे शहर दिसते ते मोर्चा, संप आणि घातपात यांच्या रूपाने. त्या शहरात स्वयंपाकघरे असतील, मुलांच्या मुंजी होत असतील, याचा मागमूस नाही.

ते शहर आपल्याला भेटते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात १८५८ च्या वेढ्यातील झाशी गल्लीबोळांसह जिवंत आहे. पण गोडसेभटजींच्या झाशीत रेल्वे नाही आणि मास्टर्सच्या भोवानीत मराठी घर नाही. एकाची झाशी संपते तेथून दुसऱ्याची सुरू होते. मधल्या काळात जी दक्षिणी कुटुंबे कोटाच्या आत राहिली, ज्यांची मुले पुढे कोटाबाहेर नोकरीला गेली असतील, त्यांचे तोलामोलाचे चित्र आपल्या साहित्यात ठसलेले नाही.

२०२१ च्या अखेरीस स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. फलकावर कोट आणि जंक्शन एकत्र आले. साहित्यात ते अद्याप यायचे आहेत. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील घरांनाही हे लागू आहे. आपण राजवाड्यांच्या आठवणी निगुतीने जपल्या. स्टेशनाकडच्या बिऱ्हाडांकडे मात्र पाठ फिरवली. परक्या लेखकाने तेथे एक सबंध जग पाहिले, हे आपल्याला अंतर्मुख करण्यास पुरेसे आहे.