चादर धरणारे हात

घरच्या घरी स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्याला आपण हौशी म्हणतो आणि विषय संपवतो. पण स्वप्रतिमेची चाल छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. अशा चित्राची समीक्षा करताना दोन प्रश्न आधी विचारावेत, असे मला वाटते: उजेड कुठून आला, आणि तो कोणी धरला?

इपोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८४० मध्ये स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून चित्रित केले. दागेरचा सरकारदरबारी गौरव झाला होता, बायारची स्वतंत्र पद्धत मागे पडली होती. सरकारने काहीच न दिल्याने या अभाग्याने पाण्यात जीव दिला, अशा अर्थाचा मजकूर त्याने चित्रामागे लिहिला. चेहरा आणि हात कुजू लागल्याचेही सुचवले. ते काळवंडलेले दिसतात खरे, पण बहुधा उन्हाने रापल्यामुळे. सोंग माणसाने रचले. उजेडाने मात्र तो उन्हात वावरणारा जिवंत माणूस असल्याची साक्ष दिली.

आपल्याकडे या घरगुती उजेडाचा धडा दादासाहेब फाळक्यांच्या घरात सापडतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) चित्रीकरणात सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून भर उन्हात उभ्या राहत. चादरीवरून परतलेले ऊन नटांच्या चेहऱ्यावर पडे. फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि रसायने कालवण्याचे कामही त्या करीत. पडद्यावर चेहरे उजळले. चादर धरणारे हात चौकटीबाहेर राहिले.

हे वाचले होते, पण कळले ते पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरात. माजघरावर एकच काचेचे कौल आहे. भर दुपारी त्याखाली बसले की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. मांडीवर पितळी परात ठेवली तर गालावर झगझगीत डाग पडतो. धुतलेले धोतर पसरले तर मऊ उजेड हनुवटीखालून वर चढतो. एका बाजूला काळी घोंगडी टांगली की ती उजेड गिळते आणि चेहऱ्याला कड येते. मोबाइल डब्याला टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा. एवढाच काय तो स्टुडिओ.

पुढे बायारच्या नादाने महाडच्या घरीही प्रयोग केला. २२ जुलै २०२१ रोजी शहरात पुराचे पाणी भरले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. आमच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. तिच्याखाली डोळे मिटून, बुडालेल्याचे सोंग घेऊन बसलो. चित्र देखणे आले. रात्री पुन्हा पाहिले आणि पुसून टाकले. बायारची तक्रार त्याची स्वतःची होती. मी दुसऱ्यांचे मरण उसने घेतले होते.

दुसऱ्या खेपेस डोळे उघडे ठेवले. टांगलेली चादर खिडकीतल्या वाऱ्याने हलत होती, म्हणून पत्नी ती धरून उभी राहिली. चित्राच्या उजव्या कडेला तिची चार बोटे आली.

“तेवढी कापून टाका,” ती म्हणाली.

कापली नाहीत. त्या बोटांवाचून हा चेहरा दिसला नसता, एवढे तरी स्वप्रतिमेने कबूल करावे.