वर्क भरपूर, पण कट कुठाय?

आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या ताईंकडे लग्नसराईत उभं राहायला जागा नसते. आलेली प्रत्येक मुलगी मोबाईल पुढे करते, "ताई, असंच हवं." फोटो बहुधा डिझायनर सब्यसाचीच्या नवरीचा, नाहीतर मनीष मल्होत्राच्या लेहंग्याचा. ताई दोन बोटांनी तो मोठा करतात, मुंढा कसा बसलाय ते बघतात, खांद्याची शिवण शोधतात आणि पुटपुटतात, "वर्क भरपूर आहे, पण कट कुठाय?" आपल्याकडच्या फॅशनवर याहून नेमकी टीका मी अजून वाचलेली नाही.

कपड्यांच्या दुनियेत जे टिकलं ते बेतण्यातून टिकलं. ख्रिस्तियान दिओरने १९४७मध्ये कंबर आवळून खाली वारेमाप घेर सोडला, तेव्हा युद्धातल्या टंचाईने गांजलेल्या युरोपात त्या कापडाच्या उधळपट्टीवरूनच भांडणं झाली. १९६६मध्ये इव्ह सां लोराँने पुरुषांचा टक्सिडो बाईच्या मापाने कापला. भरतकाम दोघांकडेही होतं, पण जगभरच्या शिंप्यांनी उचलला तो कापण्याचा विचार. आपल्याकडे असा विचार कुणी केला, असं विचारलं तर मी रॅम्पवरच्या कुणाचं नाव घेणार नाही. मी भानू अथैयांचं घेईन.

कोल्हापूरच्या राजोपाध्यांची ही मुलगी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकली, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाच्या १९५३च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. मग मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता ती कापडाकडे वळली आणि 'सीआयडी'पासून (१९५६) सिनेमात वेशभूषाकार म्हणून स्थिरावली. 'वक्त'मधला (१९६५) साधनाचा अंगाबरोबर बसणारा चुडीदार-कुडता कॉलेजच्या मुलींनी उचलला. पण खरी करामत 'ब्रह्मचारी'तली (१९६८). मुमताजला शम्मी कपूरबरोबर धसमुसळं नाचायचं होतं, तेही साडीत. निऱ्या सुटणार, पदर घसरणार, पाय अडकणार. भानूताईंनी ती साडी नेसवलीच नाही, शिवली. निऱ्या टाचल्या, वेढे अंगाभोवती घट्ट बसवले आणि चेन अशी लपवली की पडद्यावर दिसते ती फक्त नेसलेली केशरी साडी. आज 'रेडी टू वेअर' साडी म्हणून जे काही विकलं जातं त्यातल्या निम्म्या कल्पना त्या एका पोशाखात आहेत. बाजारात त्या साडीचं नाव मात्र 'मुमताज साडी'.

ही खोड जुनीच आहे. कपडा नटीच्या नावाने चालतो, शिवणाऱ्याच्या नाही. 'बाजीराव मस्तानी'च्या (२०१५) पोशाखांवर अंजू मोदींचं काम होतं. शिलाईच्या दुकानात विचारा, नऊवारीचा प्रकार नुसता 'मस्तानी' असतो. आणि शिवलेली नऊवारी? काष्टा जोडलेला, निऱ्या पक्क्या, कमरेला नाडी. पाच मिनिटांत पायात चढवून मुलगी ढोलताशाच्या पथकात उभी. ही युक्ती दादर-पुण्याच्या शिलाई-दुकानांत मुरली, फॅशन वीकमध्ये नाही. गेल्या काही वर्षांत मराठी बाईच्या अंगावर एवढा फरक कुठल्या डिझायनरने पाडलाय?

डिझायनर या शब्दाला आपल्याकडे वजन आलं ते ऐंशीच्या दशकात. दिल्लीत १९८६मध्ये निफ्ट ही फॅशन शिकवणारी संस्था सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबईत तरुण ताहिलियानींनी आणि त्यांच्या साथीदारांनी 'आँसाँब्ल' हे दुकान उघडलं. लंडनला शिकून आलेला रोहित खोसला त्यांच्यातलाच; त्याची कात्री तयार होती, पण तो १९९४मध्ये ऐन उमेदीत गेला. रितू कुमारांनी साठच्या दशकापासून ठसेछपाई आणि जुनी भरतकामं धुंडाळली, ते काम मोलाचं. नंतर मात्र सगळा धंदा लग्नाच्या मांडवात शिरला. मांडवात पैसा आहे. २०२१मध्ये सब्यसाचीच्या कंपनीत आदित्य बिर्ला समूहाने ५१ टक्के आणि मनीष मल्होत्राच्या कंपनीत रिलायन्सने ४० टक्के वाटा घेतला. सब्यसाचीला मी मोडीत काढत नाही. हातमागाला आणि जरदोजीच्या कारागिराला त्याने भाव मिळवून दिला. पण त्याचा लेहंगा आजीच्या ट्रंकेतलाच आहे, फक्त जड झालाय. त्यातून शिंप्याने नवं काय शिकावं?

शिकण्यासारखं होतं ते डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सकडे. जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचं. १९९३मध्ये तो गोव्यातल्या कोलवाळला जाऊन राहिला, जेव्हा धंद्याच्या हिशेबाने तो वेडेपणा होता. पांढरं सुती कापड, सैल घड्या, टिकली नाही की जर नाही. नक्षी नसली की चुकलेली शिवण झाकता येत नाही. तिथे माणसाचा हात उघडा पडतो, आणि वेंडेलचा हात उघडा पडूनही शोभत असे. कुणबी साडीवरचं त्याचं काम सगळ्यांना माहीत आहे. लाल चौकडीची, आखूड, पदराची गाठ खांद्यावर मारलेली ती साडी त्याने पुन्हा विणून घेतली आणि शहरातल्या बायकांसाठी लांबी वाढवली. शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर ती परतली, असं काही म्हणवत नाही. पण ती नेसायची पद्धत, तिची गाठ, 'मोडा गोवा' या त्याच्या पुस्तकामुळे नोंदली तरी गेली.

नोंदीचं महत्त्व आपल्याला बाहेरच्यांनी कापड उचललं की कळतं. मार्च २०२३मध्ये दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, मुंबईच्या कारागिरांच्या भरतकामाचं कौतुक झालं. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळायलाच हवं होतं. पण तेव्हा खवळलेल्यांपैकी किती जणांना कोल्हापूरच्याच भानूताईंची 'मुमताज साडी' ठाऊक होती?

त्यांचं वेशभूषेचं ऑस्कर तेवढं ठाऊक असतं. 'गांधी'साठी, जॉन मोलोबरोबर, १९८३मध्ये. त्या चित्रपटातली त्यांची कामगिरी अशी की बघताना जाणवू नये: कोट उतरतो, पगडी जाते, शेवटी पंचा उरतो. ती बाहुली इथे नीट सांभाळली जाईल याची खात्री वाटेना, म्हणून त्यांनी २०१२मध्ये ती अकादमीकडे परत सोपवली. वेंडेल २०२०च्या फेब्रुवारीत गेला, भानूताई त्याच वर्षी ऑक्टोबरात.

परवा ताईंना विचारलं, भानू अथैया माहीत आहेत का. त्यांनी मान हलवली, नाही. मग समोरची अर्धवट टाचलेली साडी उलटी करून दाखवली. चेन डाव्या कुशीत, निऱ्यांच्या मागे, अस्तराच्या आत. "इथे लावली तर फुगत नाही," म्हणाल्या, आणि पुन्हा मशीनवर बसल्या.