‘प्रतिकारशक्ती’ : एका संज्ञेचा अर्थविचार

‘कावीळ-ब’वरील लसीची मराठीतील चर्चा ‘प्रतिकारशक्ती’ या एकाच संज्ञेवर चालते. तिचे उत्तरपद तपासले असता एका वैद्यकीय गैरसमजाचे मूळ भाषेतच सापडते. मराठीत शक्ती ‘खर्च होते’, ‘उरत नाही’. म्हणजे ती साठ्याप्रमाणे कल्पिली जाते. साहजिकच रक्तातील प्रतिपिंडे घटली की ‘शक्ती संपली’ असा निष्कर्ष निघतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. लसीकरण पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी दर मिलिलिटरमागे प्रतिपिंडांची किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके आढळली, तर लस लागू पडली असे मानतात. पुढे हे प्रमाण उतरते. अर्भकावस्थेत लस घेतलेल्यांत ते पौगंडावस्थेपर्यंत पुष्कळदा १० च्या खाली जाते. तथापि विषाणूची ओळख राखणाऱ्या पेशी शिल्लक राहतात, आणि रोग प्रकट होण्यास सामान्यतः दोन ते पाच महिने लागत असल्याने त्यांना जागे होण्यास अवधी मिळतो. अलास्कात १९८१ मध्ये लस घेतलेल्या २४३ मुलामोठ्यांची ३० वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा १२५ जणांतच हे प्रमाण १० वा अधिक भरले. उरलेल्यांपैकी ज्यांना एक मात्रा दिली, त्यांतील ८८ टक्क्यांत ते पुन्हा वाढले. या क्रियेस ‘स्मृती’ हेच नाव साजते. ‘शक्ती’ व ‘स्मृती’ ही दोन्ही नामे ‘क्तिन्’ प्रत्ययाने साधलेली. परंतु शक्ती वापराने सरते, स्मृती चाळवल्याने उजळते.

या भेदाचे मोल नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी लवकरच कळेल. भारतात ही लस २०११ पासून देशभर बालकांच्या लसीकरणात आली. त्या वर्षी नांदुऱ्यात जन्मलेली मुलगी २०२९ मध्ये परिचर्येच्या शिक्षणाच्या वयास येईल. रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचण्याचा धोका त्या व्यवसायात असतोच. तिची प्रतिपिंडे कमी भरली, तर ‘शक्ती’ हा शब्द तिला नाहक घाबरवील. उलटपक्षी, नुसत्या ‘स्मृती’वर विसंबणेही अनुचित, बालपणी लस लागू पडली होती काय, हे लसीकरणाच्या कार्डावरून कळत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये सुचविलेला मार्ग असा : अशा कर्मचाऱ्यास एक मात्रा देऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे, तरीही प्रमाण १० पेक्षा कमी असल्यास उरलेल्या मात्रा द्याव्यात. स्मृतीची परीक्षा स्मरण करवूनच होते.

यास्तव ‘प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा व्यापक अर्थी राहू द्यावी; मात्र तिच्या पोटातील ‘प्रतिपिंड-प्रमाण’ व ‘प्रतिकार-स्मृती’ हा भेद पाठ्यपुस्तकांनी आणि तपासणीच्या अहवालांनी कसोशीने पाळावा.