स्मरणचित्रातील हरवलेले स्मरण : शालेय चित्रकलेचे अध्यापन आणि दृश्यसंप्रेषण

सारांश

महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेच्या अध्यापनावर शासकीय रेखाकला परीक्षांचा मोठा प्रभाव आहे. या परीक्षांतील ‘स्मरणचित्र’ हा विषय विद्यार्थ्याने पाहिलेले व अनुभवलेले दृश्यरूपात सांगावे यासाठी आहे. प्रत्यक्षात तो तयार चित्रांच्या पाठांतराचा विषय झाला आहे. यात अभ्यासक्रमाचा दोष कमी आणि अध्यापन व मूल्यमापनाच्या पद्धतीचा अधिक आहे, असे मत प्रस्तुत लेखात मांडले आहे.

बीजसंज्ञा : स्मरणचित्र, दृश्यसंप्रेषण, निरीक्षण, अनुकृती, मूल्यमापन.

प्रास्ताविक

दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. महाराष्ट्रात शालेय शिक्षण घेतलेल्या बहुतेक सर्वांनी हे चित्र कधी ना कधी काढलेले असते. कोकणातील मुलाने ते काढले तर त्यात काही तथ्य आहे. परंतु मराठवाड्याच्या पठारावर वाढलेला, नारळाचे झाड क्वचितच पाहिलेला मुलगाही तेच चित्र काढतो. आपल्या घरामागची बाभूळ त्याच्या कागदावर येत नाही. निसर्गचित्र म्हणजे काय, याचे उत्तर त्याला डोळ्यांनी नव्हे, तर फळ्याने दिलेले असते.

हा प्रश्न केवळ चित्रकला शिक्षकांचा नाही. आपल्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी ‘मला चित्र येत नाही’ असे सहजपणे सांगतो. भूगोलाच्या वर्गात त्याला आपल्या गावाचा कच्चा नकाशा काढता येत नाही, जीवशास्त्राच्या वहीत तो सूक्ष्मदर्शकात दिसलेली पेशी न काढता पुस्तकातील पेशी काढतो आणि भित्तिपत्रक करावयाचे झाल्यास संगणकावरील तयार चित्रे एकत्र आणतो. पाहणे, निवडणे आणि पाहिलेले दुसऱ्यास कळेल अशा रीतीने मांडणे या तीन क्रियांना येथे दृश्यसंप्रेषण असे म्हटले आहे. या क्रियांचे शिक्षण शालेय चित्रकलेच्या तासिकेत व्हावे अशी अपेक्षा आहे. ते का होत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

परीक्षेची घडण

कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांचे ऋण प्रथम मान्य करावयास हवे. ज्या गावात चित्रांचे प्रदर्शन कधी भरले नाही, तेथील शाळेतही या परीक्षांमुळे ड्रॉइंग बोर्ड, रंगपेटी आणि कंपासपेटी पोहोचली. अनेक ग्रामीण विद्यार्थ्यांना कला महाविद्यालयाची वाट याच परीक्षांनी दाखविली.

वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमितीसह अक्षरलेखन या विषयांची योजनाही विचारपूर्वक झालेली दिसते. वस्तुचित्रात समोर असलेले पाहावयाचे, स्मरणचित्रात पूर्वी पाहिलेले आठवावयाचे, संकल्पचित्रात आकारांची नवी रचना करावयाची आणि अक्षरलेखनात मजकुराला दृश्यरूप द्यावयाचे. दृश्यसंप्रेषणाची जवळजवळ सर्व अंगे यात आली आहेत.

या चौकटीमागे वासाहतिक काळाचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली साउथ केन्सिंग्टनची 23 टप्प्यांची चित्रशिक्षणपद्धती रूढ झाली. सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, पुढे घनवस्तू, छायाप्रकाश व रंग असा तिचा क्रम होता. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1865 साली जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले ते याच परंपरेतून. हात व डोळा यांना शिस्त लावणे हा या पद्धतीचा गुण होता. विद्यार्थ्याला काही सांगावयाचे आहे, हे तिने फारसे गृहीत धरलेले नव्हते. आज वह्या, रंग आणि विषय बदलले असले तरी हे गृहीतक फारसे बदललेले नाही.

स्मरणाऐवजी पाठांतर

स्मरणचित्रात दिलेल्या विषयांपैकी एकावर मानवाकृतींसह चित्र काढावयाचे असते. भाजीबाजार, बसथांबा, गणपती विसर्जन असे विषय अपेक्षित असतात. हे सारे मुलांच्या रोजच्या पाहण्यातील आहे. परंतु परीक्षेची तयारी सुरू झाली की मूल बाजारात जात नाही, सरावपुस्तिका उघडते. त्यात बसलेली भाजीवाली, पिशवी धरलेली स्त्री आणि पाठमोरा पुरुष अशा तयार आकृती असतात. तीच पाठमोरी आकृती बसथांब्यावर उभी राहते, मिरवणुकीत चालते आणि पूरग्रस्तांच्या रांगेतही दिसते. ज्याला स्मरणचित्र म्हणावयाचे ते वस्तुतः पाठांतरचित्र असते. विद्यार्थी आठवतो हे खरे, परंतु तो बाजार आठवत नाही, पुस्तिकेचे पान आठवतो.

स्मरणावर आधारित चित्रणाची एक गंभीर शैक्षणिक परंपरा आहे. पॅरिस येथील शिक्षक ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी दृश्यस्मृतीच्या शिक्षणावरील आपले पुस्तक 1848 साली प्रसिद्ध केले. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फँतँ-लातूर हे त्यांचे विद्यार्थी. वस्तू बारकाईने पाहावयाची, ती नजरेआड झाल्यावर काढावयाची आणि मग मूळ वस्तूशी ताडून पाहावयाची, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. येथे स्मरण ही निरीक्षणाची कसोटी आहे. आपल्याकडे तयारीतून पहिली व तिसरी पायरी गळाली आणि मधली तेवढी शिल्लक राहिली.

या संदर्भात एक प्रसंग नोंदवितो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहण्यासाठी प्रस्तुत लेखक बसला होता. आठवीच्या वर्गाला ‘पाण्यासाठी गर्दी’ असा विषय दिला होता. बहुतेकांनी हातपंप आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या तीन स्त्रिया काढल्या. वस्तुतः त्या वस्तीला टँकरने पाणी येत होते. एका मुलीने मात्र टँकर काढला. तो वरून पाहिल्यासारखा होता. त्याच्या झाकणातून सर्व बाजूंनी पाइप बाहेर पडत होते आणि प्रत्येक पाइपाच्या टोकाशी एक लहान माणूस होता, काही उभे, काही आडवे, काही उलटे. कडेला पाइप नसलेल्या दोघी रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या होत्या. छात्राध्यापकाने सौम्यपणे विचारले, ‘अगं, माणसं अशी उलटी असतात का?’ वर्ग हसला. मुलीने चित्र खोडले आणि हातपंप काढला.

मी त्या पाठाला चांगला शेरा दिला. वर्गनियंत्रण उत्तम होते आणि फलकलेखन सुबक होते. त्या खोडलेल्या चित्रात ज्याचा पाइप टँकरमध्ये आधी पडतो त्यालाच पाणी मिळते, ही संपूर्ण व्यवस्था एका दृष्टिक्षेपात मांडली होती. समोरून काढलेल्या टँकरात ती दिसली नसती. हे मला त्या दिवशी कळले नाही. त्यामुळे या लेखातील टीकेतून प्रस्तुत लेखकाला स्वतःला वगळता येत नाही.

वयाचा प्रश्न

बालचित्रांच्या अभ्यासात अशा उलटसुलट आकृती अपरिचित नाहीत. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासावस्था मांडल्या आणि भूमिरेषेभोवती उलगडून काढलेल्या आकृती, भिंतीआडचे दाखविणारी क्ष-किरण चित्रे यांची चर्चा केली. मूल दिसणाऱ्या रूपापेक्षा कळलेले रूप काढते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय. साधारणपणे नवव्या वर्षानंतर मुलाला आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ नाही हे जाणवू लागते. ग्रेड परीक्षा येतात त्या यानंतरच्या, ही जाणीव तीव्र झालेल्या वयात. या वयात मुलाला निरीक्षणाची साधने हवी असतात. दूरची वस्तू लहान का दिसते, हंड्याचे तोंड लंबवर्तुळाकार का दिसते, हे त्याला कोणीतरी दाखवावयास हवे. त्याऐवजी तयार आकृती हाती दिली तर त्याची अडचण तात्पुरती टळते, परंतु पाहण्याची सवय सुटते. ‘मला चित्र येत नाही’ या वाक्याचे मूळ बहुधा येथे आहे.

संकल्पचित्र व अक्षरलेखन

हीच प्रक्रिया अन्य विषयांतही घडते. वारली चित्रे आता शाळाशाळांच्या भिंतींवर आणि संकल्पचित्रांच्या किनारींत दिसतात. परंपरेने लग्नप्रसंगी स्त्रिया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघट देवीची स्थापना होई. जिव्या सोमा मशे यांनी ही भाषा कागदावर आणून तिला जगभर पोहोचविले. 2011 साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. टोकाशी टोक जुळविलेल्या दोन त्रिकोणांचे शरीर हे त्या भाषेचे व्याकरण आहे. त्रिकोणांचा कल आणि हातापायांच्या रेषांचे कोन बदलले की तेच शरीर पेरते, नाचते किंवा ओझे वाहते. शाळेत मात्र एकाच ठेवणीचा माणूस किनारीभर छापल्यासारखा काढला जातो. व्याकरण बाजूला राहून केवळ नक्षी उरते.

अक्षरलेखन हा तर दृश्यसंप्रेषणाचा थेट विषय. तरीही बहुधा चौकटी आखून त्यांत अक्षरे बसविण्यापुरता तो शिकविला जातो. ‘ठ’सारखे गोलाईचे अक्षर आणि सुटा काना असलेले ‘ग’ किंवा ‘ण’ यांमधील अंतर पट्टीने समान ठेवले तरी डोळ्यांना ते समान दिसत नाही. ते नजरेने जुळवावे लागते. सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनी देवनागरी अक्षराच्या घडणीचा आयुष्यभर विचार केला आणि अध्यापनही केले. संगणकावरील ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच आरेखनातून आला. देवनागरीचा दृश्यविचार एवढ्या उंचीवर गेलेल्या प्रदेशात शालेय अक्षरलेखन पट्टीवर अडून राहावे, ही खेदाची बाब आहे.

अनुकृतीची बाजू

येथे एक आक्षेप संभवतो. अनुकरणाशिवाय कोणतीही कला साध्य होत नाही. गायक पलटे घोटतो, मूल अक्षर गिरवते, मग चित्रातच अनुकृती निषिद्ध का? हा आक्षेप रास्त आहे. 1872 ते 1885 या काळात ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तेही अनुकरणच होते. परंतु त्यासाठी त्यांना मूळ चित्रासमोर दीर्घकाळ बसून रेषेचा मार्ग शोधावा लागला. अशी अनुकृती डोळा घडविते. पुस्तिकेतील आकृतीची अनुकृती डोळ्याला विश्रांती देते. अनुकृती कशाची व कशासाठी, हा खरा भेद आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांचा वर्ग, आठवड्याच्या मोजक्या तासिका आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत मिळणारे वाढीव गुण. या स्थितीत तयार चित्र देणारा शिक्षक दुर्बल विद्यार्थ्याला किमान ‘क’ श्रेणीपर्यंत नेतो. यात शिक्षकाचा आळस नव्हे, तर पुष्कळदा कणव असते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करण्याची शिफारस केली. मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, तेही शंभराहून अधिक पट असेल तरच, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. शिफारस पूर्ण आणि तरतूद अर्धवट, अशा स्थितीत केवळ शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

काही सूचना

म्हणूनच सूचना अशा हव्यात की ज्यांना नवे साहित्य वा नवे पद लागणार नाही. पहिली, स्मरणचित्रापूर्वी पाहण्याचा गृहपाठ द्यावा. विद्यार्थ्याने दहा मिनिटे एक जागा पाहावी, दुसऱ्या दिवशी वर्गात ती काढावी आणि पुन्हा जाऊन ताडून पाहावी. दुसरी, अंतिम चित्रासोबत दोन कच्ची रेखाटने आणि ‘हे चित्र काय सांगते’ याविषयी दोन ओळी मागाव्यात व त्यांना गुण असावेत. तिसरी, चित्र पूर्ण झाल्यावर शेजारच्या विद्यार्थ्याने त्यातून काय कळले ते सांगावे. संप्रेषण झाले की नाही, याची इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. चौथी, ‘चूक’ म्हणण्यापूर्वी शिक्षकाने ‘असे का काढलेस?’ असे विचारावे. अध्यापक महाविद्यालयांतील पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात या प्रश्नासाठी एक रकाना असावा.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. आपल्या वाईट हस्ताक्षराची खंत व्यक्त करताना गांधीजींनी आत्मकथेत, मुलांना लेखनाआधी चित्रकला शिकवावी असे मत मांडले आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 पासून 1962 पर्यंत सेवाग्राम येथे नई तालीमच्या मुलांना कला शिकवीत होते. कला हा शिक्षणाचा पाया होय, ही त्यांची भूमिका तेथील वर्गातून घडली.

समारोप

शासकीय रेखाकला परीक्षा रद्द करावी असा या लेखाचा आग्रह नाही. तिच्या विषयांची नावे जे सांगतात ते तिने घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे. स्मरणचित्रात विद्यार्थ्याचे स्वतःचे स्मरण असावे आणि संकल्पचित्रात त्याचा स्वतःचा संकल्प असावा. त्या आठवीतील मुलीचे खोडलेले चित्र आता मिळणार नाही. परंतु तिच्यासारखे टँकर पाहणारी मुले पुढील वर्षीही वर्गात असतील आणि त्यांच्यासमोर आपण घडविलेले छात्राध्यापक उभे असतील. उलट्या दिसणाऱ्या माणसांविषयी त्यांनी कोणता प्रश्न विचारावा, हे त्यांना शिकविण्याचे काम आपले आहे.