विदुराचा कूपदृष्टांत आणि बुर्झोयाचे चार सर्प

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या तळोद्याचें नांव इतिहासाच्या वाचकांस बारगळांच्या गढीमुळें व त्या आजोळीं वाढलेल्या मल्हारराव होळकरांमुळें परिचित आहे. सुरतेहून नंदुरबारावरून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग याच मुलुखांतून जात असे. अशा टापूंत पुराणिकाची पोथी, जैन यतीचें बाड आणि मुनशीचें फारशी पुस्तक हीं एकमेकांच्या शेजारीं नांदावीं यांत नवल नाहीं. एकच कथा या तिन्ही ठिकाणीं भेटली, तर तिचें कूळ कसें ओळखावें, हा प्रश्न आम्ही एका दृष्टांतापुरता येथें घेत आहों.

दृष्टांत सर्वश्रुत आहे. पुत्रशोकानें खचलेल्या धृतराष्ट्रास विदुर तो स्त्रीपर्वांत सांगतो. घोर अरण्यांत सांपडलेला एक ब्राह्मण वेलींनीं झांकलेल्या विहिरींत पडतो व वेलींतच गुंतून राहतो. तळाशीं महासर्प, कांठावर सहा मुखांचा व बारा पायांचा हत्ती, आणि आधाराचें झाड काळे-पांढरे उंदीर कुरतडीत आहेत. वरून मधाच्या धारा गळतात आणि तो मनुष्य त्या चाटीत राहतो. हत्ती म्हणजे संवत्सर, मुखें म्हणजे ऋतु, पाय म्हणजे महिने, उंदीर म्हणजे दिवस व रात्री, असा उलगडा विदुर स्वतःच करतो. (उंदरांचा अर्थ पोथ्यांच्या संग्राहकांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.)

हाच दृष्टांत ‘कलीलः व दिम्नः’ या ग्रंथाच्या आरंभींच्या बुर्झोया वैद्याच्या आत्मकथनांत येतो. खुस्रू अनुशिरवानाच्या (इ. स. ५३१-५७९) दरबारांतील या वैद्यानें पंचतंत्र पहलवी भाषेंत नेलें, इब्न अल्-मुकफ्फानें आठव्या शतकांत तें अरबींत आणलें. यावरून बुर्झोयानें हा दृष्टांत आमच्या भारतांतून उचलला, असें विधान सहज केलें जातें. हिंदुस्थानाचें ऋण आम्हांसही मान्य आहे. परंतु तें भारताच्या नांवावर मांडणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

कारण बुर्झोयाच्या विहिरींत चार सर्प आहेत. मनुष्य दोन फांद्या धरून लोंबकळतो, त्याचे पाय कशावर तरी टेकतात, आणि पाहतो तों तीं चार सर्पांचीं डोकीं! विदुराच्या विहिरींत हे चौघे नाहींत, इतकेंच नव्हे, तर त्यांना तेथें जागाच नाहीं. विदुराचा ब्राह्मण पाय वर व डोकें खालीं अशा स्थितींत, देंठाला लोंबणाऱ्या फणसासारखा टांगलेला आहे. ज्याचे पाय आकाशाकडे, त्याच्या पायांखालीं सर्प कोठून येणार? एका चित्रांतून दुसरें निघालें असें म्हणावयाचें तर आधीं मनुष्य उलटा फिरवावा लागेल.

चार सर्प मिळतात ते जैनांच्या मधुबिंदु-दृष्टांतांत. संघदासगणीच्या ‘वसुदेवहिंडी’ या महाराष्ट्री प्राकृतांतील कथाग्रंथांत विहिरीच्या तळाशीं अजगर आहे आणि चार बाजूंस चार सर्प आहेत. अजगर म्हणजे नरकादि गति. सर्प म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ हे कषाय. पालींतील संयुत्तनिकायांत विहीर नाहीं, पण चार विषारी सर्पांची उपमा आहे, आणि तेथें त्यांचा अर्थ चार महाभूतें असा केला आहे. बुर्झोया आपल्या चौघांस शरीरांतील चार दोष म्हणतो. महाभूतांपासून दोषांपर्यंत जाण्यास वैद्याला एकच पाऊल टाकावें लागतें.

वैद्यास चार दोष ठाऊकच होते, तेव्हां सर्प त्यानें पदरचे घातले असतील, असा आक्षेप संभवतो. परंतु मग संख्या चार, प्राणी सर्प आणि स्थळ विहीर, हीं तिन्ही जैन कथेशीं जुळतात तो केवळ योगायोग मानावा लागेल. आमच्या मतें श्रमणांच्या तोंडीं फिरणारा पाठच इराणांत गेला.

ही चर्चा केवळ वंशावळीची नव्हे. अर्थही तिच्यावर अवलंबून आहे. विदुर बोलतो तो सर्वस्व गमावलेल्या म्हाताऱ्याशीं. त्याच्या उलगड्यांत काळ हाच नायक आहे, म्हणून तर हत्तीस बारा पाय लागतात. बुर्झोया स्वतःशींच बोलतो. निरनिराळ्या धर्मांच्या आचार्यांस विचारूनही त्याचें समाधान झालेलें नाहीं. ज्या सत्कर्मांविषयीं सर्व धर्मांचें एकमत आहे तेवढींच आचरावीं, या निश्चयावर तो आलेला आहे. त्यास कालगणनेचें प्रयोजन नाहीं. त्याला देह भिववितो. बारा पाय गळाले आणि चार दोष आले, ते यामुळें. हें प्रकरण इतकें संशयवादी आहे कीं, दुबळ्या श्रद्धेच्या लोकांस मानीपंथाकडे ओढण्यासाठीं इब्न अल्-मुकफ्फानेंच तें घुसडलें, असा आरोप अल्-बीरुनीनें केला. आरोप खरा असो वा नसो, इतका जुना व इतका मर्मज्ञ वाचक या पानांनीं अस्वस्थ झाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

फारशी प्रतींविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बाराव्या शतकांत नसरुल्ला मुनशीनें केलेल्या फारशी भाषांतरांत हत्तीचा मस्तवाल उंट झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हुसेन वाइज काशिफीनें ‘अन्वार-इ-सुहैली’ रचतांना बुर्झोयाचें प्रकरणच वगळलें; पुढें अबुल्-फझलनें ‘इयार-इ-दानिश’मध्यें (इ. स. १५८८) तें पुन्हां घेतलें. त्याच अकबराच्या दरबारांत, त्याच दशकांत, ‘रझ्मनामा’ या नांवानें महाभारतही फारशींत उतरलें. म्हणजे विहिरींतल्या मनुष्याचें फारशी पान हातीं आलें तर त्यावर एकदम ‘भारताचा तर्जुमा’ असें लिहूं नये. प्रथम पाय कोणीकडे आहेत तें पाहावें, मग सर्प मोजावे. चार सर्प असल्यास तें बुर्झोयाच्या परंपरेंतलें. त्यांत उंट असल्यास नसरुल्लाच्या पाठाशीं ताडावें. हत्तीस बारा पाय असतील तरच रझ्मनाम्याकडे वळावें. आणि कथेचा उलगडा सर्वत्र कथेच्या मागून येत असल्यामुळें, चित्राचें पान सुटें मिळाल्यास त्याच्या पुढचें पानही त्याच रुमालांत शोधावें.