४४ टक्के भारावर ट्रिप झालेली लाइन

ग्रीडच्या आधुनिकीकरणावर लिटरेचर रिव्ह्यू करायला बसलात की १४ ऑगस्ट २००३ चा अमेरिका-कॅनडा ब्लॅकआउट हमखास भेटतो. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. दोन्ही देशांच्या संयुक्त टास्क फोर्सचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. प्रपोजलमध्ये तो बहुतेकदा एका वाक्यात येतो: अलार्मचं सॉफ्टवेअर बंद पडलं, म्हणून नवी सिस्टिम हवी. मीही असंच लिहिलं होतं. गाइडनी विचारलं, "अहवाल वाचलास, की अहवालाबद्दल वाचलंस?" आता वाचलाय, आणि त्याच्याशी माझं एक भांडण आहे.

आधी चांगलं ते सांगते. ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या कंट्रोल रूममधली ती दुपार अहवाल मिनिटामिनिटाने उभी करतो. २:१४ ला अलार्म गप्प झाला, ऑपरेटरांना पत्ताच नाही. २:२७ ला स्टार-साउथ कँटन ही ३४५ किलोव्होल्टची लाइन ट्रिप होऊन लगेच परत जोडली गेली. शेजारच्या एईपी कंपनीने फोन करून विचारलं. इकडे स्क्रीनवर अलार्म नाही, म्हणजे काही झालंच नाही! आयटीच्या लोकांना सर्व्हर पडल्याचं कळलं होतं, त्यांनी तो रीबूटही केला; पण अलार्म चालू झाला का, हे ऑपरेटरांना कुणी विचारलं नाही.

आता भांडण. अहवाल कारणांचे चार गट करतो: यंत्रणेची अपुरी समज, परिस्थितीचं अपुरं भान, झाडांची अपुरी छाटणी, आणि प्रादेशिक समन्वयकांची अपुरी मदत. मांडायला सोयीचं आहे. पण मग सॉफ्टवेअरवाले दुसरा गट वाचतात, मेंटेनन्सवाले तिसरा, आणि दोघंही समाधानी. अहवालातलेच आकडे बघा ना. ३:०५ ला चेंबरलिन-हार्डिंग लाइन झाडामुळे ट्रिप झाली, तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भार होता. ३:३२ ला हॅना-जुनिपर, ८८ टक्के. ३:४१ ला स्टार-साउथ कँटन, ९३ टक्के. तिन्ही मर्यादेच्या आत.

प्रवाह वाढला की तार तापते, लांबते आणि खाली लोंबते. लाइनचं रेटिंग ठरवताना तारेखाली ठरावीक अंतर मोकळं आहे असं गृहीत धरलेलं असतं. झाड वाढलं की ते अंतर संपतं, पण कंट्रोल रूममधला आकडा तोच राहतो. पहिली लाइन गेल्याचं वेळेत कळलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं, हे मान्य. पण धडधाकट अलार्मनेही चेंबरलिन-हार्डिंगच्या ओव्हरलोडचा इशारा दिला नसता. त्याच्या हिशेबात ती निम्म्याहून जास्त रिकामी होती! म्हणून मला छाटणीचा प्रश्न हा डेटाचाच प्रश्न वाटतो. भार बघणारी सिस्टिम आणि मालमत्तेची नोंद ठेवणारी सिस्टिम एकमेकींशी बोलत नव्हत्या.

अहवालाला हे अजिबात सुचलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ४६ शिफारशींमध्ये छाटणीची एक आहे, लाइन रेटिंगच्या मानकांचीही एक आहे. पण दोन्ही वेगवेगळ्या जागी, दोन वेगळे विषय असल्यासारख्या. रेटिंग प्रत्यक्ष जागेवरच्या स्थितीशी जुळतात का ते तपासा, असं एनईआरसी या संस्थेने वीज कंपन्यांना सांगितलं ते ऑक्टोबर २०१० मध्ये. साडेसहा वर्षांनी. मग अनेक कंपन्यांनी हवेतून लायडार सर्वेक्षण करून तारांची उंची मोजली.

तुम्ही प्रपोजल लिहाल तेव्हा मॉडेलमधलं लाइन रेटिंग कुठून आलं, हे एकदा शोधून बघा. मी ज्यावर काम सुरू केलं, त्या ११८ बसच्या टेस्ट केसच्या मॅटपॉवरच्या जुन्या फाइलमध्ये त्या रकान्यात ओळीने ९९०० लिहिलेलं आहे. म्हणजे मर्यादाच नाही. मी त्यावर सहा महिने सिम्युलेशन चालवली होती.