एका हिमकथेचीं दोन रूपें

शौर्याची कथा सांगणें सोपें. त्या शौर्याची किंमत कोणाकोणाला द्यावी लागली हें त्याच कथेंत सांगणें कठीण. या कसोटीवर क्नुट हाउकेलिड यांचें ‘स्कीज् अगेन्स्ट दि ॲटम’ हें पुस्तक आणि त्याचा आधार घेऊन १९६५ सालीं अँथनी मान यांनीं दिग्दर्शित केलेला ‘दि हीरोज् ऑफ टेलेमार्क’ हा बोलपट हीं दोन्ही पारखून पाहिलीं, म्हणजे एकाच कथेच्या दोन रूपांत केवढें अंतर पडूं शकतें तें ध्यानांत येतें. मूळ नॉर्वेजियन पुस्तक १९४७ सालचें, इंग्रजी भाषांतर १९५४ सालचें. पुस्तक जुनें झालें. त्यांतील प्रश्न जुना झालेला नाहीं.

कथेची भूमि म्हणजे दक्षिण नॉर्वेंतील हार्डांगरव्हिडा हें विस्तीर्ण, वृक्षहीन पठार. १९८१ पासून त्याचा सुमारें ३,४०० चौरस किलोमीटरांचा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे, आणि पायांस स्की, म्हणजे पुढच्या टोकाशीं वर वळलेल्या लांब अरुंद पट्ट्या, बांधून हौशी प्रवासी तेथें एका झोपडीपासून दुसऱ्या झोपडीपर्यंत मजल दरमजल करीत जातात. ऑक्टोबर १९४२ मध्यें त्याच पठारावर चार नॉर्वेजियन तरुण विमानांतून उतरले. जवळच व्हेमोर्क येथील कारखान्यांत तयार होणारें ‘जड पाणी’ जर्मनांच्या अणुसंशोधनास हवें होतें. तें नष्ट करण्याच्या कामीं वाट दाखविणें हें त्यांचें कार्य. नोव्हेंबरांत निघालेल्या ब्रिटिश सैनिकांचीं दोन्ही ग्लायडर विमानें कोसळलीं व त्यांतून वांचलेल्यांस जर्मनांनीं ठार मारलें. हे चौघे मात्र पठारावरच राहिले, आणि नाताळच्या सुमारास रेनडियर हातीं लागेपर्यंत दगडफुलाच्या जातीचें शेवाळ उकळून खाऊन त्यांनीं दिवस काढले. फेब्रुवारींत योआखिम र्‍योन्नेबर्ग यांच्या नेतृत्वाखालीं आणखी सहा जण आले. हाउकेलिड त्यांपैकीं एक. २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्रीं एकही गोळी न झाडतां काम फत्ते झालें, आणि त्यांच्यांतील पांच जण सुमारें ४०० किलोमीटर स्कीवरून तुडवीत स्वीडनमध्यें पोहोंचले.

बोलपटांत स्की हें मुख्यत्वेंकरून पाठलागाचें साधन आहे. हा दोष आम्ही फार मोठा मानीत नाहीं. क्लाउस हेल्बर्ग यांचा एका जर्मन सैनिकानें स्कीवरून खरोखरच दीर्घ पाठलाग केला होता. शिवाय चित्रणही प्रत्यक्ष नॉर्वेंतच केलेलें असल्यामुळें हिमाची भव्यता पडद्यावर पुरेपूर उतरली आहे. पण पुस्तकांत स्की ही भाकरीइतकी नित्याची वस्तु आहे. शौर्य तेथें उडींत नसून टिकण्यांत आहे, आणि हा भेद बोलपटास पेलला नाहीं.

तरीही दोहोंतला खरा निवाडा बर्फावर होत नाहीं, पाण्यावर होतो. उरलेलें जड पाणी जर्मनीस नेण्यासाठीं २० फेब्रुवारी १९४४ रोजीं तिन्न सरोवरांतील ‘हायड्रो’ या बोटीवर चढविण्यांत यावयाचें होतें. बोट उतारूंची होती. रविवारीं गर्दी कमी असते म्हणून तो दिवस साधला, एवढीच काय ती दया शक्य होती. आदल्या रात्रीं हाउकेलिड व त्यांचे दोन सोबती बोटीवर गेले, तेव्हां तेथील पाहरेकऱ्यानें त्यांना लपणारे देशबांधव समजून भल्या मनानें खालीं जाऊं दिलें. सुरुंग ठेवून परततांना हाउकेलिड यांनीं त्याचा हात हातीं घेऊन आभार मानले. आपण काय करून चाललों आहोंत हें त्याला सांगतां येत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं बोट बुडाली आणि १८ माणसें मेलीं. त्यांतील १४ नॉर्वेजियन होतीं.

बोलपटांत येथेंच नायक ऐनवेळीं बोटीवर चढतो, खेळाच्या मिषानें मुलांना एकत्र करतो आणि त्यांना वांचवितो. प्रत्यक्षांत असा कोणी चढला नव्हता. चढणाऱ्याची लगबग जर्मनांच्या ध्यानीं आली असती तर सारा बेत फसला असता. कलावंतास कल्पनेचें स्वातंत्र्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्या कल्पनेनें पात्राचें धर्मसंकटच नाहींसें होतें, ती कथेस उंची देत नाहीं, प्रेक्षकास समजूत घालून घरीं पाठविते. औचित्याचा भंग म्हणावयाचा तो याला.

जर्मन शास्त्रज्ञ अणुबाँबच्या जवळपासही पोहोंचले नव्हते, हें युद्धानंतर उघड झालें. मग त्या चौदा जणांचें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्या वेळीं जें ठाऊक होतें त्यावरूनच त्यांना ठरवावें लागलें, हें त्याचें उत्तर. पण तें उत्तर पुरेसें आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि हाउकेलिड यांच्या लेखनांतही विजयाचा जल्लोष नाहीं. मुलांना हा बोलपट अवश्य दाखवावा. परंतु त्यांनीं विचारलें कीं, ‘त्या पाहरेकऱ्याचा हात कोणीं हातीं घेतला?’ तर त्यांच्या हातीं पुस्तक द्यावें, कारण बोलपटापाशीं त्याचें उत्तर नाहीं.